शनिवारचा तवा

गेल्या शनिवारी आमच्या घरी पिझ्झा आला. धाकटी पुण्याहून सुट्टीला आली होती. येताना तिनं एक यादी करून आणली होती. ज्या सिनेमांत खाणंपिणं भरपूर आहे असे सात-आठ सिनेमे, एकेक घरी बसून बघायचे आणि बघताना पिझ्झा खायचा, असा तिचा बेत. ‘बाबा, तुम्ही निवडा,’ म्हणून तिनं कागद माझ्या हातात दिला. मी तो कागद बराच वेळ वाचत राहिलो. अशी यादी मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, शाळेच्या दोनशे पानी वहीत.

पिझ्झ्याचा पहिला तुकडा उचलला तेव्हा वितळलेल्या चीजची तार डब्यापासून माझ्या तोंडापर्यंत लांबत आली. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘तार आली.’

‘कसली तार?’ बायकोनं विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हणालो.

हे ‘काही नाही’ मी बावीस-तेवीस वर्षं म्हणत आलो आहे. म्हणून आज लिहायला बसलो. लिहिणं भालेराव सरांविषयी आहे. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पुढं जे लिहिणार आहे ते माझ्या बायकोलाही मी सांगितलेलं नाही. तिला इथंच वाचायला मिळेल.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मूळ पाथरीचा, लिंगायत वाण्याचं घर. गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही, आणि परक्या हातचं खाणं तर दूरच. पहिली नेमणूक जिंतूर तालुक्यातल्या एका गावी झाली. बोरीला उतरून पुढं जीपनं जावं लागे. गावाचं नाव लिहीत नाही. दोष गावाचा कमी आणि माझा जास्त आहे, आणि माझं नाव या लिखाणाखाली आहेच.

शाळेत रुजू झालो त्या दिवशी व्हरांड्यात एक उंच, किडकिडीत माणूस दारापाशी उभा होता. त्यांनी दार उघडून धरलं आणि म्हणाले, ‘पायरी बघून, सर.’ मला वाटलं शिपाई असावेत. ते सातवीचे वर्गशिक्षक विश्वनाथ भालेराव होते. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, भूगोल आणि हिंदी शिकवणारे. मी त्यांना सर म्हणायचो आणि ते मला शेटे सर म्हणायचे. गाव मला गुरुजी म्हणे. त्यांना गाव काहीच म्हणत नसे. ‘ते सातवीचे,’ एवढंच म्हणत.

‘पायरी बघून’ ही त्यांची जुनी सवय होती. औरंगाबादला कॉलेजात असताना ते एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. हातात बॅटरी, अंधारात उशिरा आलेल्या माणसाच्या पायापुढं उजेड धरायचा आणि म्हणायचं, पायरी बघून. तीन वर्षांत त्यांनी शेकडो सिनेमे पाहिले आणि एकाचाही शेवट पाहिला नाही. शेवटाच्या आधी पाच मिनिटं डोअरकीपरला दारं उघडायला जावं लागतं. ‘शेवटाला मी पब्लिकची तोंडं बघायचो,’ ते म्हणायचे. ‘रडत बाहेर निघाली की समजायचं, कुणीतरी मेलं. बिड्या काढल्या की समजायचं, लगीन झालं.’

शेवट पाहिला नाही, पण जेवणं पाहिली. सिनेमात कुणी जेवायला बसलं की सर जिथं असतील तिथं भिंतीला टेकून उभे राहायचे. मॅनेजर ओरडला तरी हलायचे नाहीत. पुढं त्यांनी त्याची वही केली. डावीकडं सिनेमाचं नाव, मधे काय खाल्लं, आणि उजवीकडं कुणाबरोबर खाल्लं. तो तिसरा रकाना ते मनापासून भरत. ‘मालक अन् गडी, एका ताटात.’ ‘ट्रकवाला अन् मेमसाब, ढाब्यावर, एकच कांदा.’ मी एकदा विचारलं, ‘सर, हे कशाला लिहायचं?’

‘शेटे सर, सिनेमात माणूस भुकेला असला की कुणाच्या बी घरात शिरतो. घरातली बाई विचारीत न्हाई, तू कोणाचा. ताट वाढून मोकळी. असं गाव मला कुठंतरी बघायचंय म्हणून लिहायलोय.’

आणि लगेच हसून, ‘पर एक कळत न्हाई. सिनेमातली आई दर टायमाला गाजराचाच हलवा का करती? तिला पिठलं येत न्हाई का?’

गावात त्यांना घर मिळालं नव्हतं. गावाबाहेरच्या त्यांच्या समाजाच्या वस्तीत नातेवाईक होते, पण तिथं जागा नव्हती. शाळेच्या मागची पडकी खोली त्यांनी स्वतः शाकारून घेतली होती. तिथं ते, वहिनी आणि त्यांची लहान मुलगी राहत. मी पाटलांच्या वाड्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो आणि जेवायला आमच्याच समाजातल्या घरमालक आबा आणि काकूंकडं होतो.

शनिवारी शाळा सकाळची असे. शाळा सुटली की सर एसटी धरून जिंतूरला जात आणि कॅसेट लावायचा व्हिडिओ भाड्यानं घेऊन येत. ती पेटी वाकळेत गुंडाळून मांडीवर धरलेली असे. खड्डा आला की ते पेटीवर वाकत. कंडक्टर चेष्टा करायचा, ‘मास्तर, बाळंतीण हाय का त्यात?’ सर गंभीरपणे म्हणायचे, ‘जुळी हायत. दोन कॅसेटी.’

टीव्ही त्यांचा स्वतःचा, छोटा, काळा-पांढरा. दुपारी चारच्या सुमाराला खिडकीला घोंगडी लावली जाई आणि सिनेमा सुरू होई. नियम एकच होता. कॅसेट आधीच पाहिलेला दुकानदार सांगायचा की ह्यात काय खातात, आणि तो पदार्थ सर त्या दिवशी घरी करत. स्वतः. वहिनी चुलीपाशी बसून सूचना देत आणि टोमणे मारत. ‘माझ्या हातचं दहा वर्षं खाल्लं, कधी लिवलं का वहीत?’

‘तू सिनेमात ये, लिवतो.’

त्या खोलीत मी पहिल्यांदा जेवलो ते अजून आठवतं. मी दारातच घुटमळत होतो. सरांनी चुलीजवळच्या खुंटीवरून एक तवा काढून दाखवला. कोरा करकरीत, बिडाचा.

‘ह्याच्यावर मटण, सुकट, काहीच पडलेलं न्हाई. बोरीच्या बाजारातून तुमच्यासाठी आणलाय. फक्त शनिवारी खाली निघतो. तुमच्या धरमाला तकलीफ नको.’

ज्या माणसाला सगळं गाव भांडी वेगळी ठेवून वागवत होतं, त्यानं माझ्यासाठी आपल्या घरात आपल्याच तव्याशिवाय दुसरा तवा ठेवला होता, आणि तोही मला कमीपणा न देता. मी बसलो आणि जेवलो. त्यानंतर दोन वर्षं, जवळजवळ दर शनिवारी.

मात्र तिथून निघाल्यावर मी बडीशेप खायचो. आबांकडं पुन्हा जेवायला बसायचो. पोट भरलेलं असताना दोन भाकरी आणखी खायचो, कुणाला संशय येऊ नये म्हणून. काकू वाढता वाढता विचारायच्या, ‘गुरुजी, तिकडं काही खात-बित तर न्हाई ना?’

‘न्हाई काकू. चहा बी घेत न्हाई. नुसता सिनेमा बघतो.’

‘मग हरकत न्हाई. डोळ्याला इटाळ नसतो.’

आणि मी हसायचो. हे मी लिहिलंच पाहिजे. मी हसायचो.

सिनेमा संपायला आला की सर उठत. सवयच ती. समोर हिरो मरायला टेकलेला असे आणि सर दारापाशी जाऊन कडी काढून, दार उघडून धरून उभे. पाठ टीव्हीकडं, तोंड आमच्याकडं. मी म्हणायचो, ‘सर, आता तर तुमचाच व्हिडिओ आहे, बघा की शेवट.’ ते म्हणायचे, ‘पाय थांबत न्हाईत. तुमी बघा अन् मला सांगा.’

अशा रीतीनं शेवट सांगण्याचं काम माझ्याकडं आलं. दुसऱ्या दिवशी रविवारी ते शाळेच्या पायऱ्यांवर बसून विचारायचे, ‘हं, मग काय झालं?’ आणि मी सांगायचो. मला कबूल केलं पाहिजे की मी खरं सांगत नसे. शेवट वाईट असला तर मी तो गोड करून सांगायचो. मेलेला भाऊ वाचायचा. निघून गेलेली मुलगी परत यायची. सर तोंड भरून म्हणायचे, ‘मग झालं.’ त्यांना आनंद झालेला मला आवडत असे. खोटं बोलायला माझी जीभ तिथंच सैल झाली असावी.

त्यांच्याविषयी आणखी एक सांगायचं आहे. भाकरी करपू द्यायचे नाहीत. सिनेमात कितीही रंगलेले असले तरी नाकाला जरा वास आला की उडी मारून तव्याकडं धावत. एकदा वहिनींच्या हातून एक भाकरी जळली तर सर खोलीबाहेर जाऊन बसले. मी मागं गेलो. ते सांगू लागले.

‘नामांतराच्या दंग्यात आमची वस्ती जाळली, शेटे सर. अठ्ठ्याहत्तरला. मी औरंगाबादहून पोचलो तवर राख झालती. पर कणग्या आत जळायल्या होत्या. ज्वारी एकदम जळत न्हाई, धुमसती. तीन दिवस. अन् वास कसा येतो सांगू? हुरड्यासारखा. अगदी हुरड्यासारखा. मला भूक लागायची हो. माय छाती बडवून रडायलेली, आपलंच वर्षाचं जळायलंय, अन् मला भूक लागायलीय.’

एवढं सांगून ते आत गेले आणि त्यांनी राहिलेला सिनेमा लावला. हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

आता त्या शनिवारचं.

दुकानदारानं चुकून एक परदेशी सिनेमा दिला होता. भाषा कुठली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. समुद्रकाठचं गाव, एक लठ्ठ म्हातारा, त्याची भट्टी आणि त्याची तरणी मुलगी. म्हातारा लाकडी फळीवरून एक मोठी गोल भाकरी भट्टीत सरकवायचा, वर कायबाय पसरलेलं, आणि तोडून खाताना त्याची लांब तार निघायची. आम्ही सगळे टीव्हीला नाक लावून बसलो. रंग कळत नव्हता. वहिनी म्हणाल्या, ‘वर गूळ घातलाय.’

‘गुळाला एवढी वाफ येती का? टमाटे हायत ते. अन् तार दुधाची असंल. फाटलेल्या दुधाची.’

सरांनी सिनेमा तिथंच थांबवला आणि चूल पेटवली. शनिवारच्या तव्यावर ज्वारीची जाड भाकरी टाकली. तिच्यावर टोमॅटो ठेचून, कांदा, हिरवी मिरची, लसूण पसरला. वहिनींनी दुधात लिंबू पिळून गोळा केला, फडक्यात दाबला, तो वर कुस्करला आणि वरून परात झाकली. थोड्या वेळानं परात उचलली तेव्हा खोलीभर असा वास सुटला की मी आयुष्यात तो विसरणार नाही. सरांनी एक तुकडा मोडून वर उचलला. तार आली नाही. आणखी वर उचलला. नाही.

‘तार न्हाई आली,’ सर खट्टू होऊन म्हणाले.

‘तारेला काय चाटायचंय? खावा,’ वहिनी म्हणाल्या.

सिनेमा पुन्हा सुरू झाला आणि सर आम्हाला त्या लोकांचं बोलणं मराठीत सांगू लागले. मुलगी सामान बांधून दारात उभी होती. ‘म्हातारं म्हणायलंय, तुला जायचं तर जा, बिलकुल आडवणार न्हाई. पर जेवून जा.’ म्हातारा खरं तर काय म्हणत होता कुणास ठाऊक. पण मला तरी त्याहून बरं वाक्य सुचणार नाही.

त्या दिवशी दाराशी आबांची नात रेणू बसली होती. दहा वर्षांची, माझ्याच वर्गातली. व्हिडिओ बघायला ती अधूनमधून यायची. सर मुलांना कधी काही खायला देत नसत. त्याबाबत ते फार जपून असायचे. पण त्या दिवशी रेणू माझ्या ताटाकडं बघत राहिली आणि म्हणाली, ‘गुरुजी, कसं लागतं?’

सरांनी माझ्याकडं पाहिलं. नको, असं ते डोळ्यांनी म्हणत होते. मला ते कळलं. पण मी मजेत होतो. मी माझ्या ताटातला तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. ती तोंडापर्यंत नेऊन थांबली आणि माझ्याकडं बघू लागली. मी एक घास मोठ्यानं चावून दाखवला आणि म्हणालो, ‘खा. लय भारी झालंय.’ मग तिनं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ती आईकडं हट्ट धरून बसली की भालेराव सरांच्या घरच्यासारखी लाल भाकरी कर. पोरीनं चोरून काही केलं नव्हतं. तिला चव आवडली होती, एवढंच.

रविवारी दुपारी आबांनी मला बोलावलं. अंगणात आबा, काकू, रेणूची आई आणि मधोमध रेणू. आबा वाईट माणूस नव्हते. माझ्यासाठी सोनपेठच्या एका व्यापारी घराण्यातली मुलगी बघण्याचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं होतं. मुलीचा मामा बोरीच्या बाजाराला यायचा आणि आबांची त्याच्याशी बोलणी चालली होती. पुढच्या आठवड्यात सुपारी फुटायची होती.

‘गुरुजी, ही म्हणती तुमी दिलं तिला.’

‘ह्या गुरुजींनीच दिलं,’ रेणू माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली. ‘गुरुजी बी खायलेते.’

आबा माझ्याकडं बघत होते. ‘खरं काय ते सांगा. मी तुमचा जिम्मा घेतलाय सोनपेठवाल्यांपाशी. उद्या हे मामाच्या कानावर गेलं तर माझं तोंड काय ऱ्हाईल?’

मी म्हणालो, ‘लेकरू आहे, आबा. घाबरलंय.’

रेणूच्या आईनं तिच्या थोबाडीत मारली. ‘गुरुजींवर खोटं बोलतीस?’ रेणू रडली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. त्यानंतर वर्षभर ती माझ्या वर्गात होती, पण माझ्याकडं मान वर करून तिनं कधी पाहिलं नाही.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं जमली. सातवीच्या मास्तरनं पोरं बाटवायला घेतली, हाकला त्याला, अशी ओरड. हेडमास्तर घाबरट होते. त्यांनी मला आत बोलावून कागद पुढं केला. लेखी द्या म्हणाले. मी लिहिलं. ते शब्द मला आजही पाठ आहेत: ‘मी दर शनिवारी श्री. भालेराव यांच्याकडे केवळ चित्रपट पाहण्यासाठी जात असे. त्यांच्या घरी मी कधीही अन्न अथवा चहा घेतलेला नाही. सदर मुलीस खाद्यपदार्थ कोणी दिला, हे मी पाहिलेले नाही.’ खाली सही.

मी खातो असं एक वाक्य मी लिहिलं असतं तर लोक माझ्यावर तुटून पडले असते, सोयरीक मोडली असती, खोली गेली असती. पण पोरीला फूस लावून खायला घातलं, हा आरोप उभाच राहिला नसता. ज्या घरी तिचे गुरुजी दोन वर्षं जेवतात तिथं ती जेवली, एवढंच उरलं असतं.

हेडमास्तरांनी सरांना बोलावलं आणि माझा कागद त्यांच्या हातात दिला. मी तिथंच उभा होतो. सरांनी तो सावकाश वाचला. दोनदा वाचला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘अक्षर चांगलं हाय तुमचं.’

‘तुमचं काय म्हणणं आहे?’ हेडमास्तरांनी विचारलं.

‘काय म्हणायचं? पोरीला मीच दिलं. माझ्या घरात लेकरू ताटाकडं बघत बसलेलं मला बघवलं न्हाई. लिवून घ्या.’

माझ्या सोयरिकीचं त्यांना माहीत होतं. त्याच शनिवारी जेवल्यावर मी त्यांना मुलीचा फोटो दाखवला होता. वहिनींनी तो हातात घेऊन म्हटलं होतं, ‘गोड हाय पोरगी. लगीन झाल्यावर घेऊन या, तिला बी लाल भाकर घालू.’

पंधरा दिवसांत त्यांची बदली झाली. सोनपेठच्याही पलीकडं, गोदेकाठच्या एका खेड्यात. भर वर्षात, मुलीची परीक्षा तोंडावर असताना. सामान ट्रॅक्टरमध्ये चढत होतं तेव्हा गावातलं कुणी आलं नाही. मी शाळेच्या खिडकीतून बघत होतो. सर खिडकीशी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तवा होता.

‘हा तुमचा. आमच्या घरी शनिवार आता काय येणार? लगीन होईल, नवी चूल मांडाल, उपयोगाला येईल. ह्याच्यावर दुसरं काही पडलेलं न्हाई.’

मी खिडकीच्या गजांतून हात काढून तो घ्यायला गेलो, पण तवा गजांतून आत येईना. मग ते फिरून दाराशी आले आणि उंबऱ्यावर ठेवून गेले. वहिनी ट्रॅक्टरवर बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

तो तवा मी खोलीवर नेऊ शकलो नाही. काकूंनी विचारलं असतं, कुणाचा? पुढच्या रविवारी पाथरीला जाताना मी तो पिशवीत घालून बोरीच्या स्टँडवर नेला, बाकाखाली ठेवला आणि आलेल्या एसटीत बसलो. खिडकीतून मागं पाहिलं नाही. एवढं मी केलं.

लग्न झालं. संसार चांगला झाला. बायको चांगली मिळाली, हे तिनं वाचावं म्हणून लिहीत नाही, खरंच आहे. पण सोनपेठला सासरवाडीला गेलो की मी घराबाहेर फारसा पडत नसे. तिथून सरांचं गाव तासाभराच्या अंतरावर होतं. सात वर्षं मी गेलो नाही.

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. सोळा वर्षं ज्याच्यासाठी घरं जळली, माणसं मेली, ते एकदाचं झालं. त्या उन्हाळ्यात मी सासरवाडीला होतो. सर आजारी आहेत, फुप्फुसाचं काहीतरी आहे, असं तिथल्या एका शिक्षकाकडून कळलं. मनाशी ठरवलं, आता जायचं आणि सगळं सांगायचं. जबाबाचं तर त्यांना माहीतच होतं. पण माफी मागायची आणि तव्याचंही सांगून टाकायचं.

संध्याकाळी पोचलो. दगडी जोत्यावरचं घर, उंच पाच-सहा पायऱ्या. सर खाटेवर बसलेले, पार वाळून गेलेले. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. ‘आवो, शेटे सर! या, या. पायरी बघून.’ मुलगी मोठी झाली होती. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आत वहिनी भाकरी थापत होत्या, आवाज येत होता. त्या बाहेर आल्या नाहीत.

सर म्हणाले, ‘अगं, चहा टाक. शेटे सर आलेत.’

आतून वहिनींचा आवाज आला, ‘त्यांना चहा बी चालत न्हाई. लेखी दिलंय न्हवं त्यांनी?’

भाकरी थापण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी तांब्यातलं पाणी सगळं प्यालो. मग त्यांनी शाळेचं विचारलं, रेणूचं विचारलं. तिचं लग्न होऊन ती सेलूकडं गेली होती. नावाच्या निर्णयाचं मी काढलं तर म्हणाले, ‘झालं बुवा. माय असायला पायजे होती.’ आणि थोडं खोकून घेऊन त्यांनी विचारलं, ‘अन् तवा? हाय का तो? वापरता?’

सांगायची हीच वेळ होती. मी तेवढ्यासाठीच आलो होतो. सर माझ्याकडं बघत होते, शाळेच्या पायऱ्यांवर बसून ‘मग काय झालं?’ विचारताना बघायचे तसे.

मी म्हणालो, ‘हो सर. रोज. आमच्या घरात भाकरी त्याच्यावरच होते.’

‘मग झालं,’ सर म्हणाले. आणि आत तोंड करून, ‘ऐकलं का? तवा रोज चालायलाय म्हणं.’

आतून तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज आला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दर शनिवारी सर दारात उभे असायचे, पण वहिनी तर टीव्हीसमोर शेवटपर्यंत बसलेल्या असायच्या. कोण मेलं, कोण परत आलं नाही, हे सगळं त्यांनी पाहिलेलं असायचं. आणि दोघंही त्या एकाच खोलीत राहत होते. मी रविवारी सांगितलेला एकही शेवट सरांना खरा वाटला नसणार. दोन वर्षं ते सगळं माहीत असून ऐकत होते.

मी कसाबसा म्हणालो, ‘सर, मला एक सांगायचं होतं. त्या वेळी मी जे...’

सर उठले. खाटेच्या काठाला धरून, हळूहळू. उशाची बॅटरी घेतली, दारापर्यंत गेले, कडी काढली आणि दार उघडून धरून उभे राहिले. तोंड माझ्याकडं होतं.

‘लाइट गेलीय बाहेर. शेवटची जीप चुकंल तुमची.’

आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता. सगळ्या घरात भाकरीचा वास होता. मी उठलो, चपला घातल्या, थोडा थांबलो. त्या परदेशी म्हाताऱ्याचं ‘पर जेवून जा’ सर मला म्हणतील असं वाटत होतं. ते म्हणाले नाहीत.

मी पायऱ्या उतरू लागलो. मागून बॅटरीचा उजेड आला, बरोबर माझ्या पावलांच्या एक पाऊल पुढं. मी उतरेन तसा तो एकेक पायरी खाली सरकत होता. सर स्वतः अंधारात होते. दिसत नव्हते. फक्त आवाज आला, जुना, टॉकीजमधला.

‘पायरी बघून, शेटे सर.’

गल्लीच्या वळणापर्यंत तो उजेड माझ्या पायापुढं होता.